सुकत गेलेल्या मातीचं वजन

ज्वारीची रानं मोकळी झाली की मिरजगावकडची काळी जमीन उलायला लागते. आधी केसाएवढी रेघ दिसते. मग त्या रेघेत बोट जातं, आणि चैत्र संपता संपता तिच्यात पडलेली चप्पल काढायला काठी शोधावी लागते. मी दर वर्षी या दिवसांत एकदा तरी नगरहून त्या रस्त्याला लागतो. काम काही नसतं. ओळखीच्या एका बांधावर बसून जमिनीला भेगा पडताना पाहायच्या, एवढंच. घरी हे कारण सांगितलं की सहानुभूती मिळते, म्हणून हल्ली मी 'हवापालट' असं सांगतो.

यंदाही जाऊन आलो. दुपारची वेळ होती आणि हवेत कडब्याचा तो कोरडा, जरा गोडसर वास होता. शेजारच्या रानात शेवटचा पट्टा निघत होता. आमच्याकडे ज्वारी कापत नाहीत, उपटतात. बायका वाकतात, दोन्ही हातांनी ताट धरतात, अंग मागे टाकतात. जमीन क्षणभर सोडत नाही, आणि मग एकदम सोडते. मुळांना लागून आलेलं ढेकूळ पायावर आपटून झाडतात. मी उभा जन्म कॉलेजात इमारतीचा पाया शिकवला. जमिनीवरचं वजन जमिनीत कसं उतरवायचं आणि जमिनीने ते कसं धरून ठेवायचं, हा माझा विषय. पण जमीन धरून ठेवते म्हणजे काय करते, हे मला फळ्यावर कधी नीट दाखवता आलं नाही. त्या बायका दिवसभर ते हातांनी पाहत असतात आणि संध्याकाळी कंबर दुखते म्हणतात.

काळ्या मातीची गोष्ट निराळीच आहे. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आकसते. वर्षातून एकदा छाती भरून श्वास घ्यावा आणि एकदा सोडावा, तशी. तिच्यावर उभं असलेलं घरही मग तिच्याबरोबर वरखाली होतं. ज्या रानाच्या बांधावर मी बसतो ते रंभाबाईंचं. त्यांच्या जुन्या घराच्या भिंतीला कोनाड्यापासून वर गेलेली एक चीर होती. फाल्गुनात ती उघडायची, श्रावणात मिटायची. उन्हाळाभर रंभाबाई तिच्यात कंगवा ठेवत. एका वर्षी पावसाआधी काढायचा विसरला, तर भिंतीने तो धरून ठेवला. "शिमग्याला दिला म्हागारी," असं त्या सांगत, शेजारणीने नेलेली चाळण परत केल्यासारखं.

अशा घरांसाठी पाया किती खोल न्यावा हे ठरवायला एक समिती नेमली होती, आणि त्या समितीत मी होतो. तिचं पूर्ण नाव बॅनरवर एका ओळीत मावत नसे. पहिली बैठक भंडारदऱ्याला झाली. तिथे खडक आहे, पाणी आहे, धुकं आहे. काळी माती औषधालाही नाही. आम्ही धुक्याकडे पाहत काळ्या मातीवर चर्चा केली. दुसऱ्या बैठकीत पहिल्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर झालं. तिसरीत, दुसऱ्या बैठकीला कोण कोण हजर होतं यावर बराच खल झाला आणि हजर नसलेल्या एका सदस्याचे आभार मानलेले आढळले. समितीचं काम म्हणजे कंटाळवाणं असा समज आहे, तो चुकीचा आहे. त्यात एक प्रकारची गुंगी असते. पंखा फिरत असतो, कुणीतरी 'मुद्दा क्रमांक चारकडे' वळत असतं, आणि खिडकीबाहेरचं झाड हळूहळू सदस्य झाल्यासारखं वाटू लागतं.

अध्यक्ष मोठे विद्वान होते. त्यांचा परिचय करून द्यायला जितका वेळ लागे त्यात एखादं लहान भाषण झालं असतं. मानपत्र, शाल, श्रीफळ यांची त्यांना इतकी सवय होती की खांद्यावर शाल पडताच त्यांची मान आपोआप किंचित झुकायची. पण एकदा चहाच्या सुट्टीत मी त्यांना बागेच्या वाफ्याशी उकिडवं बसलेलं पाहिलं. चिमूटभर माती ओली करून ते अंगठ्याने बोटावर पसरत होते आणि पुन्हा गोळा करत होते. कुणी पाहतंय हे लक्षात आल्यावर त्यांनी हात रुमालाला पुसले. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी संपूर्ण वाईट मत कधी करू शकलो नाही.

शुभांगी याच प्रश्नावर संशोधन करत होती. एके काळी माझी विद्यार्थिनी, मूळची बेलापूरची. तिकडे पाटाचं पाणी, त्यामुळे जमिनीचा श्वास आणखीच मोठा. तिच्या शाळेत तिसरी आणि चौथीच्या वर्गांमधल्या भिंतीला अशी चीर होती की चौथीचे पाढे तिसरीत ऐकू यायचे. "त्याच्यामुळे मी वर्षभर आधीच हुशार झाले," ती म्हणायची. तिचं म्हणणं साधं होतं. जमिनीत काँक्रीटचा खांब उतरवायचा, त्याच्या बुडाशी कांद्यासारखा फुगवटा द्यायचा. फुगवटा नीट झाला तर खांब फार खोल न्यावा लागणार नाही, आणि चार माणसं हातयंत्राने खड्डा पाडून गावातल्या गावात असा पाया करू शकतील. खरं ठरलं, तर समिती तिने काढलेली पायाची खोली नियमात घालणार होती. त्या नियमावर पुढे किती घरं आणि किती शाळाखोल्या उभ्या राहिल्या असत्या, कोण जाणे.

खरं आहे का, हे पाहायचा एकच मार्ग होता. खांब प्रत्यक्ष जमिनीत घालायचा, त्याच्यावर भार द्यायचा आणि तो किती खचतो ते मोजायचं. रंभाबाईंच्या मुलाला रानाच्या कोपऱ्यात दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्याने शुभांगीला तो कोपरा दिला, या बोलीवर की खांब टिकला तर त्याचं घर तसल्याच खांबांवर बांधायचं. शुभांगीची शिष्यवृत्ती त्या उन्हाळ्याअखेर संपत होती. एका कॉलेजात शिकवण्याची जागा तिच्यासाठी ठेवली होती, पण प्रबंध दिल्यावर. चाचणी कोरड्या दिवसांतच व्हायला हवी. पाऊस पडला, जमीन फुगली की पुढची ज्वारी निघेपर्यंत थांबायचं. म्हणजे सगळं त्या एका खांबावर आणि त्या एका उन्हाळ्यावर येऊन बसलं होतं.

भार द्यायची रीत सांगायला हवी. खांबाच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळ्यांची थप्पी लावतात. त्यांवर लोखंडी तुळया आडव्या टाकून वर वाळूच्या गोण्यांचा डोंगर रचतात. डोंगराच्या पोटाखाली, खांबाच्या डोक्यावर जॅक बसवतात. पंप मारला की जॅक वर डोंगराला रेटतो आणि खाली खांबाला दाबतो. डोंगर जड, म्हणून तो हलत नाही. मग सगळा रेटा खांबाला सोसावा लागतो. सगळी भिस्त त्या डोंगराच्या जडपणावर. म्हणून जेवढा भार द्यायचा त्याच्यापेक्षा चांगलं सव्वापट वजन वर ठेवायचं असतं.

खांब घालून झाला, पण वाळू मिळाली नाही. तेव्हा गोण्या रंभाबाईंच्याच रानातल्या मातीने भरल्या. पौषातले दिवस, माती अजून ओलसर, लोण्यासारखी कापली जायची. पहिल्या काही गोण्या तोलून पाहिल्या, बाकीच्या मोजल्या.

"मास्तर, ही माती न्हेनार का काय तुमी?" रंभाबाईंनी मला विचारलं. मी शिकवतो हे कळल्यापासून त्या मला मास्तर म्हणत.

"नाही हो. काम झालं की परत पसरून देणार."

"समदी?"

"सगळी."

"मंग ठीक हाय. न्हाई तर पुढच्या साली तुमच्या नगरला येऊन पेरावं लागंल."

डोंगर तयार झाला आणि अध्यक्षांची तारीख मिळेना. ही साधी चाचणी न राहता समितीसमोरचं 'प्रात्यक्षिक' झालं होतं, त्यामुळे अध्यक्षांशिवाय पंपाला हात लावायचा नव्हता. माघात ते परगावी होते. मग त्यांचा कुठेतरी सत्कार होता. तो आटोपल्यावर दुसरीकडे दुसऱ्या कुणाच्या सत्काराला ते अध्यक्ष होते. इकडे ज्वारी पिवळी पडली, निघाली, कणसं खुडून झाली, कडब्याची गंज लागली. आमचा डोंगर त्या गंजीशेजारी उभा होता. लांबून पाहिलं तर एकाच घरच्या दोन म्हाताऱ्या ऊन खात बसल्यात असं वाटे. गोण्यांवर सातभाई पक्षी भांडत. मी दोन-तीनदा नुसताच जाऊन आलो. दुपारी डोंगराजवळ उभं राहिलं की उन्हाचा कडाका असूनही ओल्या मातीचा थंड वास यायचा. शुभांगी म्हणायची, "सर, इथे डबा खाऊ या, इथे गार वाटतं." आम्ही त्या सावलीत भाकरी खायचो आणि छाती भरून तो वास घ्यायचो. गोण्यांतलं पाणी हवेत चाललंय आणि पाण्याबरोबर वजनही चाललंय, हे तिथे जेवणाऱ्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वास इतका चांगला होता, की तो म्हणजे काहीतरी उणं होत असल्याची खूण असेल असं वाटलंच नाही. मला पुष्कळदा वाटतं, आपल्याला आठवणींचा जो गंध येतो तोही असाच असावा. पण हे वाक्य मी शुभांगीला कधी ऐकवलं नाही. ती हसली असती.

शेवटी फाल्गुनातली एक तारीख ठरली. आदल्या दिवशी मंडप आला. खांब जेवढा जमिनीत गेला होता त्याहून मंडपाचे वासे उंच होते. त्या दिवसांत दुपारून वारा सुटतो. मंडपवाल्याने पाहिलं, मंडप उडायला लागलाय आणि शेजारी भरलेल्या गोण्यांचा डोंगर आयता उभा आहे. त्याने वरच्या थरांतल्या गोण्या काढून दोरांना बांधल्या. व्यासपीठ डुगडुगत होतं, म्हणून त्याच्याखालीही सरकवल्या. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. त्याला मंडप धरून ठेवायचा होता आणि तो त्याने धरून ठेवला. आम्हाला डोंगर माथ्यावर जरा चपटा दिसला. तेवढ्यात समोर बॅनर लागला आणि दिसायचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. जॅकच्या पंपाला लाल फीत बांधलेली होती, ती कापली गेली. खांबाच्या डोक्याला झेंडूचा हार घातला होता. तो मोजणीच्या तबकडीत अडकेल म्हणून शुभांगीने हळूच काढला, तर एका सदस्यांनी तो पुन्हा घातला. भाषणं झाली. 'मातीशी नातं' हा शब्दप्रयोग प्रत्येकाने केला, आणि प्रत्येकाने व्यासपीठावर चढण्याआधी गालिच्यावर बूट पुसले. रंभाबाई कडेला हातभर पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. "लग्नाहून झकपक हाय," त्या मला म्हणाल्या. "ह्या हारवाल्या नवरदेवाला कवा दाबत्यात?"

मग सलीमभाईने पंप मारायला सुरुवात केली. हा आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला माणूस, जॅक-पंप त्याच्या ताब्यात. भार टप्प्याटप्प्याने चढवायचा, प्रत्येक टप्प्याला थांबायचं, खांबाजवळच्या तबकड्या पाहायच्या. त्या घड्याळासारख्याच दिसतात. खांब केसभर जरी खचला तरी त्यांचा काटा सरकतो. सुरुवातीला काटा थोडा थोडा सरकत होता, जसा सरकावा तसा. माइकवरून एक सदस्य आकडे जाहीर करत होते, निवडणुकीचा निकाल सांगावा त्या आवाजात. भार शेवटच्या खुणेजवळ आला आणि तबकडीचा काटा थांबला. पंप चालू, पण काटा स्थिर. लोक एकमेकांकडे पाहायला लागले. खांब खचत नव्हता. अगदी खचत नव्हता. मंडपात टाळ्या पडल्या.

"मॅडम, पंपाचा काटा अडकलाय," सलीमभाई म्हणाला. भार दाखवणारा काटा शेवटच्या खुणेच्या अलीकडेच थांबला होता. त्याने काचेवर टिचकी मारली. "मारतोय, पण चढंना."

"आलाच की जवळजवळ," माइकवाले सदस्य म्हणाले, आणि त्यांनी पूर्ण भार जाहीर केला.

शुभांगी डोंगराच्या बाजूला गेली, गुडघ्यांवर बसली, मग हात टेकून तिने गाल जवळजवळ जमिनीला लावला. मला वाटलं तिचं काही पडलं. मीही जाऊन वाकलो.

लाकडी ठोकळे आणि त्यांच्यावरची लोखंडी तुळई यांच्या मध्ये उजेड होता. बोटभर उंचीची, लांबच लांब उजेडाची पट्टी. तिच्यातून पलीकडचं रान दिसत होतं: ज्वारीचे खुंट, एका शेळीचे चार पाय, आणि उन्हाने थरथरणारी हवा. गोण्यांचा अख्खा डोंगर जमिनीवरून उचलला गेला होता आणि एका खांबावर अलगद तरंगत होता. वर टाळ्या चालू होत्या. इतकी सुंदर गोष्ट मी माझ्या विषयात दुसरी पाहिलेली नाही, आणि ती संपूर्ण चूक होती.

"पंप थांबवा," शुभांगी उठत म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "सगळे मागे व्हा. मंडपातले पण. डोंगर कलंडेल."

मोठी माणसं मागे हटताना कशी हटतात ते पाहण्यासारखं असतं. त्यांना सवय नसते. गालिच्याची घडी पडली, कुणाची तरी शाल राहिली. सलीमभाईने तेल हळूहळू सोडलं आणि तुळई पुन्हा ठोकळ्यांवर टेकली. टेकताना एक खोल आवाज आला, मोठ्या जनावराने बसताना काढावा तसा.

अध्यक्षांना सांगायला तिला दोनच वाक्यं लागली. गोण्या सुकून हलक्या झाल्या आहेत, आणि काही इथे मंडपाला बांधल्या आहेत. डोंगर उचलला गेला म्हणून पुढचा भार खांबापर्यंत पोचलाच नाही.

"पण जिथपर्यंत पोचला तिथपर्यंत वर्तन उत्तम आहे," अध्यक्ष म्हणाले. "आलेखाची रेषा सरळ चालली आहे. तीच पुढे वाढवून पूर्ण भाराचा आकडा काढता येईल. असं करतात."

"करतात सर."

"मग? पुढची बैठक पावसाळ्यानंतर. तुमचा प्रबंध यातच बसतो आहे. समितीची हरकत नाही."

तिने मागे वळून डोंगराकडे पाहिलं. तिच्या कानशिलाला माती लागली होती, ती तशीच होती.

"सर, खांब खचला नाही हे खरंय. पण आपण त्याला खचायला सांगितलंच कुठे?"

मंडपाचं कापड फडफडत होतं, आमच्या गोण्यांनी धरून ठेवलेलं. मग अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी म्हणालो की मुलगी बरोबर बोलतेय. त्यांनी मान हलवली. इतिवृत्तात या प्रसंगाची नोंद 'प्रात्यक्षिक पाहण्यात आले' अशी आहे. त्यानंतर आमटी-भाकरीचं जेवण झालं आणि गाड्या गेल्या.

गाड्या गेल्यावर रानावर जी शांतता उतरते तिची चव मला अजून जिभेवर आहे. मंडप सुटला. दोरांच्या गोण्या परत आल्या. रस्त्याच्या कामाचा मुरूम पडला होता, त्याच्या आणखी गोण्या भरल्या. मिरजगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचा वजनकाटा टेम्पोत घालून आणला आणि या वेळी एकूण एक गोणी तोलली. तोलायला रंभाबाईंच्या ओळखीच्या चार बायका आल्या होत्या. पौषात जी गोणी दोघींना उचलत नव्हती ती आता एकटी बाई उचलत होती, आणि दर वेळी थोड्या आश्चर्याने, जणू आपलीच ताकद वाढलीय. त्या दिवशी मी खूप वेळ काही न करता बसून होतो. माती तीच, गोणी तीच, गाठ सुद्धा तीच. आतून काहीतरी न बोलता निघून गेलं होतं आणि बाहेरून काहीच कळत नव्हतं. सभागृहांत मी अशा पुष्कळ गोण्या पाहिल्या आहेत, पण तिथे काटा न्यायची पद्धत नाही.

दुसरी चाचणी झाली तेव्हा आम्ही चौघंच होतो. शुभांगी, सलीमभाई, मी, आणि तबकडीसमोर उकिडव्या बसलेल्या रंभाबाई. सकाळपासून पंप चालला होता. ठोकळ्यांवर तुळई घट्ट टेकलेली होती. उजेड कुठेही नव्हता. वारा पडलेला. गंजीतला कडबा उन्हाने मधूनच तडकत होता. भार जुन्या टप्प्यापर्यंत आला, त्याच्या पुढे गेला.

"ह्या घड्याळात किती वाजलं?" रंभाबाईंनी विचारलं.

"अजून काही वाजलं नाही, मावशी," शुभांगी म्हणाली.

आणि मग काटा सरकायला लागला. झटका नाही, आवाज नाही. खांबाने ठरवलं आणि तो निघाला. सलीमभाईने भार धरून ठेवला तरी काटा थांबेना. मुंगी चालावी तसा चालतच राहिला, थांबायला हवा होता त्या खुणेपर्यंत, मग तिच्यापलीकडे. सलीमभाई आणि मी शुभांगीकडे पाहत होतो. ती काट्याकडे पाहत होती. तिची नोकरीची जागा, शिष्यवृत्ती, पायाची ती खोली, सगळं त्या काट्याबरोबर सावकाश पुढे सरकत होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं त्याला दुःख म्हणता येणार नाही. लहान मूल झोपेत बोलायला लागलं की आई जशी हलत नाही, तशी ती हलत नव्हती.

"सोडू का मॅडम?" सलीमभाईने विचारलं.

"थांबा. कुठपर्यंत जातो बघू."

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. आपण होऊन. तिने स्पीकर लावून फोन गोणीवर ठेवला, कारण तिचे हात मातीचे होते.

"खचला?"

"खचला सर."

"मर्यादेच्या बाहेर?"

"बाहेर."

पलीकडे मागे कुठेतरी माइकवर कुणाचा तरी परिचय करून दिला जात होता, बहुधा त्यांचाच.

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हणजे, बरं नाही झालं. पण मी सही केली असती." आणि फोन ठेवला.

आता या गोष्टीला वर्षं झाली. शुभांगीची ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. प्रबंध पुढच्या वर्षी गेला, त्यातला निष्कर्ष पहिल्यापेक्षा कमी आकर्षक आणि खांब जास्त लांब. समितीची मार्गदर्शक पुस्तिका पुष्कळ उशिरा, गुळगुळीत कागदावर निघाली. तिच्यात पाठीमागे कुठेतरी एक ओळ आहे: गोण्यांचं वजन चाचणीच्या दिवशीच, जागेवर करावं. सगळ्या पुस्तिकेत लोक पाळतात अशी ती एकच सूचना असावी. ती का आली हे कुणालाच ठाऊक नसतं. तरुण इंजिनिअर मला विचारतात, तेव्हा मी म्हणतो, माती सुकते म्हणून. ते मान डोलावतात. मला ती दुपार सांगता येत नाही, कारण तिच्यातलं जे सांगण्यासारखं आहे ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

जुना खांब अजून त्या कोपऱ्यात आहे. तसले खांब काढता येत नाहीत. यंदा त्याच्या सळईला शेळी बांधली होती आणि ती जोर लावून ओढत होती. खांब दाद देत नव्हता. शेळीपुरता तो उत्तम पाया आहे. भोवती जमीन उलायला लागली होती. मी भेगेत बोट घातलं. आत अजून गार होतं.

आणि मला त्या दुपारचा शेवट आठवला. फोन संपल्यावर शुभांगी उठली आणि रंभाबाईंसमोर जाऊन बसली. अगदी समोर, मांडी घालून, जमिनीवर.

"मावशी, असल्या खांबावर घर बांधू नका."

"खचला व्हय?"

"खचला."

"लई?"

"घराला परवडायचा नाही इतका. भिंती पुन्हा उलतील."

रंभाबाई डोंगराकडे पाहत राहिल्या. "पोरगं न्हाई ऐकायचं बग. त्यो म्हनल, मांडवात तर टाळ्या वाजवल्या समद्यांनी."

"त्याला सांगा, टाळ्या वाजल्या तेव्हा वरती वजनच नव्हतं."

"आन् मग किती खोल जायाचं?"

"ते मला आत्ता माहीत नाही." हे वाक्य ती अगदी सावकाश बोलली. "अंदाजाने सांगू शकते. पण अंदाजावर तुमचं घर नको. पाऊस होऊन जाऊ दे. पुढची ज्वारी निघाली की दुसरा खांब घालते, अजून खोल. मग सांगते."

"म्हंजी वरीसभर पोरगं माज्या डोक्याशी. आन् तुजी नोकरी?"

"ती काही थांबत नाही तोवर."

रंभाबाईंनी पदराने शुभांगीच्या कानशिलाला पुन्हा लागलेली माती पुसली, पुसून झाल्यावर तोच पदर झटकला. मग उठून त्या कोपऱ्याच्या कडेने चालत गेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पायांनी अंदाज घेत. तिकडूनच त्यांनी विचारलं,

"एवढी जागा पुरंल का तुला?"

"पुरेल मावशी."

"मंग ह्यो कोपरा यंदा पेरत न्हाई मी."